कालव-संवर्धन, लोकसहभागी

कालव-संवर्धन, लोकसहभागी : खाड्या, नदीमुखे व उपसागर यांच्या पाण्याची प्रत सुधारावी आणि त्यांतील लोप पावलेली जीवसृष्टी पुन्हा रुजावी, या हेतूने किनाऱ्यावरील रहिवासी, विद्यार्थी, मच्छीमार व इतर स्वयंसेवक कालवांची पिल्ले वाढवून ती नैसर्गिक तळावर सोडतात, या कार्याला ही संज्ञा लावतात. येथे कालव हा शिंपल्यात राहणारा सागरी प्राणी अभिप्रेत असून पाटबंधाऱ्यांच्या कालव्यांशी या शब्दाचा संबंध नाही. खाण्यासाठी व विक्रीसाठी कालवे वाढविण्याचा व्यवसाय प्राचीन आहे. पाणी सुधारण्यासाठी ती वाढविण्याची प्रथा मात्र अलीकडची असून विसाव्या शतकाच्या अखेरीस ती मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रुजली. दोन्हींत प्राणी एकाच कुलातील असतात व पद्धतीही पुष्कळशा सारख्या असतात; उद्दिष्टे मात्र भिन्न असतात व ती दोन्ही एकाच जागी सहसा साधत नाहीत. ज्या पाण्याला कालवांची गरज सर्वांत अधिक असते, त्याच पाण्यातील कालवे खाण्यास सर्वांत अयोग्य असतात. या विषयाचा विचार करताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो.

प्राणी व त्याचे जीवन : कालव हा मृदुकाय (मॉलस्का) संघाच्या द्विपुट वर्गातील ऑस्ट्रिइडी कुलाचा प्राणी होय [⟶ मृदुकाय संघ]. त्याचे मऊ शरीर दोन असमान पुटांमध्ये (शिंपांमध्ये) असते. डावे पुट खोलगट असून ते खडकाला किंवा दुसऱ्या शिंपल्याला कायमचे चिकटलेले असते. उजवे पुट चपटे असून झाकणासारखे उघडते व मिटते. भारताच्या किनाऱ्यावर क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस (काही वर्गीकरणतज्ञ हिचा समावेश आता मॅगॅलाना या वंशात करतात), क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस आणि खडकांवर वाढणारी सॅकोस्ट्रिया कुकुलाटा या जाती प्रमुख आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जाती क्रॅसोस्ट्रिया व्हर्जिनिका ही होय.

या जातींमध्ये अंडी व शुक्राणू पाण्यात सोडले जातात व निषेचन (फलन) शरीराबाहेर होते. एक मादी एका हंगामात लक्षावधी अंडी घालते. त्यांतून बाहेर पडलेले सूक्ष्म डिंभ (भ्रूणानंतरची स्वतंत्रपणे जगणारी व क्रियाशील अशी पूर्व अवस्था) सु. दोन ते तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत राहतात. त्यांतील बहुसंख्य माशांच्या व इतर प्राण्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. उरलेले डिंभ तळाशी येऊन टणक पृष्ठभाग शोधतात आणि एक प्रकारचा चिकट पदार्थ स्रवून त्यावर स्थिर होतात. एकदा चिकटल्यावर कालवाला आयुष्यात जागा बदलता येत नाही. या चिकटलेल्या पिल्लांस ‘बीज’ म्हणतात. बीज चिकटण्यास सर्वांत अनुकूल पृष्ठभाग म्हणजे कालवाचाच जुना शिंपला होय. त्यामुळे शिंपले काढून नेले म्हणजे केवळ एक पीक जात नाही, तर पुढच्या पिढीची बसण्याची जागाच नाहीशी होते.

गाळणक्रिया : कालवाचे क्लोम (कल्ले) श्वसनाबरोबर अन्नग्रहणाचेही काम करतात. त्यांच्यावरील असंख्य पक्ष्माभिकांच्या (केसांसारख्या हालणाऱ्या तंतूंच्या) हालचालीमुळे पाणी आत ओढले जाते आणि त्यातील सूक्ष्म शैवले, जैव कण व गाळ हे क्लोमांवरील श्लेष्म्यात (चिकट स्रावात) अडकतात. त्यांपैकी खाद्य कण मुखाकडे नेले जातात. नको असलेले कण श्लेष्म्यात गुंडाळून बाहेर टाकले जातात. यास आभासी विष्ठा म्हणतात. ही विष्ठा जड असल्यामुळे तळाशी बसते व वरचे पाणी नितळ होते. पाणी नितळ झाले की सूर्यप्रकाश अधिक खोल पोहोचतो आणि तळावरील सागरी गवत वाढू लागते.

एक प्रौढ कालव दिवसाला सु. १९० लि. पाणी गाळतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. हा आकडा अनुकूल तापमान, योग्य लवणता व पुरेसा प्राणवायू असतानाच्या कमाल क्षमतेचा आहे. हिवाळ्यात, पुराच्या गोड्या पाण्यात, दाट गाळात किंवा ओहोटीच्या वेळी उघडे पडल्यावर कालव शिंपा मिटून घेतो व गाळणक्रिया मंदावते किंवा थांबते. म्हणून प्रत्यक्षातील सरासरी या आकड्यापेक्षा बरीच कमी असते.

कालव पाणी ‘शुद्ध’ करतो याचा अर्थही नीट समजून घ्यावयास हवा. पाण्यातून काढलेल्या द्रव्यांपैकी काही नायट्रोजन व फॉस्फरस त्याच्या मांसात व शिंपल्यात साठतो. तो कालव बाहेर काढला तरच त्या जलाशयातून कायमचा जातो. काही भाग तळाच्या गाळात जातो व तेथील सूक्ष्मजंतूंच्या विनायट्रीकरण क्रियेमुळे (नायट्रेटाचे नायट्रोजन वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेमुळे) हवेत निघून जातो. उरलेला भाग केवळ पाण्यातून तळाकडे स्थलांतरित झालेला असतो. जड धातू व रोगकारक व्हायरस यांचा कालव नाश करीत नाही. तो ते आपल्या शरीरात साठवितो.

कालवभित्ती : पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर चिकटून कालवांचे जे उंच थर तयार होतात, त्यांस कालवभित्ती म्हणता येईल. त्यांच्या फटींमध्ये खेकडे, झिंगे, शेवंडे, कृमी, लहान मासे व माशांची पिल्ले आश्रय घेतात. लाटांचा जोर कमी होऊन किनाऱ्याची धूपही काही प्रमाणात आवरली जाते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबियस यांनी श्लेस्विग-होल्स्टाइनच्या किनाऱ्यावरील कालवांच्या थरांचा अभ्यास करून १८७७ मध्ये असे दाखवून दिले की, तेथे राहणारे सर्व जीव परस्परांवर व परिस्थितीवर अवलंबून असलेला एक समूह असतो. या समूहासाठी त्यांनी ‘बायोसिनोसिस’ (जीवसमुदाय) ही संज्ञा योजिली. परिस्थितिविज्ञानातील एक मूलभूत कल्पना अशा रीतीने कालवांच्या अभ्यासातून पुढे आली आहे [⟶ परिस्थितिविज्ञान].

ऱ्हास : कालवांच्या थरांचा नाश ही औद्योगिक काळातील एक व्यापक घटना आहे. जगातील कालवभित्तींपैकी सु. ८५ टक्के नाहीशा झाल्या असाव्यात, असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत व्यक्त करण्यात आला. याचे सर्वांत अभ्यासिलेले उदाहरण अमेरिकेतील चेसापीक उपसागराचे आहे. यादवी युद्धानंतर रेल्वे व हवाबंद डब्यांचा धंदा वाढला आणि तळ खरवडणाऱ्या लोखंडी जाळ्यांनी कालवे काढण्यास ऊत आला. बेकायदा मासेमारी रोखण्यासाठी मेरिलंड राज्याला १८६८ मध्ये स्वतंत्र सशस्त्र जलपोलीस दल उभारावे लागले. १८८० च्या दशकात उत्पादन शिखरास पोहोचले व नंतर घसरत गेले. शिंपले रस्ते, बांधकाम व चुना यांसाठी वापरले गेल्याने तळ उघडा पडला. विसाव्या शतकाच्या मध्यास दोन परजीवी रोगांनी उरलेल्या कालवांची हानी केली, तर शेतांतून व शहरांतून येणाऱ्या गाळाने व पोषक द्रव्यांनी पाणी गढूळ झाले.

रॉजर न्यूवेल यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या गणितानुसार १८७० पूर्वीची कालवे उन्हाळ्यात चेसापीकच्या पाण्याएवढे पाणी तीन-चार दिवसांत गाळू शकत असत. उरलेल्या कालवांना त्यासाठी जवळजवळ एक वर्ष लागले असते. हा अंदाज असला, तरी त्याचा परिणाम मोठा झाला. तोवर कालव म्हणजे एक खाद्यपदार्थ असे मानले जाई. आता तो उपसागराचा एक अवयव आहे व तो तोडला गेला आहे, अशी समजूत सामान्य लोकांत रुजू लागली. स्वयंसेवी कालव-संवर्धनाच्या प्रसाराला या समजुतीने मोठा हातभार लावला.

स्वयंसेवकांची कार्यपद्धती : या कार्याचे सर्वसाधारण टप्पे पुढीलप्रमाणे असतात. (१) उपाहारगृहांतून व घरांतून रिकामे शिंपले गोळा करतात. त्यांवरील मांसाचे अवशेष व रोगजंतू नष्ट व्हावेत म्हणून ते अनेक महिने, पुष्कळदा वर्षभर, उघड्यावर उन्हापावसात ठेवतात. (२) बीजोत्पादन केंद्रात प्रौढ कालवांकडून अंडी मिळवून डिंभ वाढवितात व हे स्वच्छ शिंपले असलेल्या टाक्यांत सोडतात. काही दिवसांत प्रत्येक शिंपल्यावर अनेक पिल्ले चिकटतात. (३) हे शिंपले तारेच्या पिंजऱ्यांत भरून ज्यांच्या घराजवळ खाजगी धक्का आहे अशा रहिवाशांना, तसेच शाळांना व मंडळांना देतात. पिंजरे दोरीने पाण्यात टांगलेले असतात. (४) स्वयंसेवक ठरावीक दिवसांनी पिंजरा वर काढून हलवितात, धुतात व साचलेला गाळ, शेवाळ आणि शत्रुप्राणी काढून टाकतात. हे न केल्यास पिल्ले गुदमरतात. (५) सु. नऊ ते बारा महिन्यांनी, शत्रूंना काहीसा तोंड देण्याइतका आकार आल्यावर, कालवे परत घेऊन ती मासेमारीस बंदी असलेल्या राखीव तळावर पसरतात. स्वयंसेवकाने वाढविलेली कालवे त्याने खावयाची नसतात, ही या योजनांतील पहिली अट होय.

मेरिलंड राज्याने २००८ मध्ये ट्रेड एव्हन नदीत अशी योजना सुरू केली व पुढे ती अनेक नद्यांत पसरली. तिच्यासाठी लागणारे पिंजरे तुरुंगातील बंदिवानांकडून करवून घेण्यात आले आणि बीज विद्यापीठाच्या केंद्रातून पुरविण्यात आले. न्यूयॉर्क येथे गव्हर्नर्स बेटावरील सागरी विषय शिकविणाऱ्या सार्वजनिक शाळेतून ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ हा उपक्रम २०१४ मध्ये उभा राहिला. २०३५ पर्यंत बंदरात शंभर कोटी कालवे सोडण्याचे त्याचे उद्दिष्ट असून २०२० नंतरच्या काही वर्षांत ही संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. विद्यार्थी पिंजऱ्यांतील कालवांची लांबी मोजतात, मृत्यूंची नोंद करतात आणि पाण्याची लवणता व प्राणवायू तपासतात.

संख्येच्या दृष्टीने पाहता मोठ्या प्रमाणावरील पुनःस्थापना शासकीय यंत्रणेनेच केली आहे. मेरिलंडमधील हॅरिस खाडीत सु. ३५० एकर (सु. १४० हेक्टर) तळावर दोनशे कोटींहून अधिक पिल्ले सोडण्यात आली, ती बीजोत्पादन केंद्रे व नौका यांच्या साहाय्याने. त्या मानाने धक्क्यावर टांगलेल्या पिंजऱ्यांचा वाटा लहान असतो. त्यांचे खरे महत्त्व निराळे आहे. महिन्यातून दोनदा पिंजरा वर काढणाऱ्या माणसाला आपल्या घरामागचे पाणी कोणत्या पावसानंतर गढूळ होते, कोणत्या महिन्यात त्याला दुर्गंधी येते व पिल्ले केव्हा मरतात हे कळते. असे हजारो निरीक्षक निर्माण होणे हे या चळवळीचे मोठे फलित मानले जाते.

मर्यादा व धोके : सांडपाण्याने दूषित झालेली कालवे खाल्ल्याने आंत्रज्वर (टायफॉइड), संसर्गजन्य कावीळ व तीव्र अतिसार हे विकार होतात. १९२४–२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत आंत्रज्वराची मोठी साथ आली, सु. १,५०० लोक आजारी पडले व सु. १५० दगावले. तिचा माग दूषित पाण्यात ठेवलेल्या कालवांपर्यंत लागला व त्यातून १९२५ मध्ये शिंपलेवर्गीय खाद्याच्या आरोग्यनियंत्रणाची राष्ट्रीय व्यवस्था अस्तित्वात आली. न्यूयॉर्क बंदरातील कालवे काढणे १९२७ पर्यंत पूर्णपणे बंद झाले.

या इतिहासाची छाया आजच्या स्वयंसेवी कार्यावरही पडते. न्यू जर्सी राज्याच्या पर्यावरण खात्याने २०१० मध्ये कीपोर्ट बंदराच्या प्रदूषित पाण्यात एका स्वयंसेवी संस्थेने प्रयोगासाठी सोडलेली कालवे काढून टाकण्याचा आदेश दिला. ती चोरीस जाऊन बाजारात आली व कोणी आजारी पडले, तर राज्यातील सगळ्या कालव-व्यवसायाची पत जाईल, अशी शासनाची भीती होती. संस्थेचे म्हणणे असे की, पाणी सुधारण्याचा उपाय पाणी घाण आहे म्हणूनच बंद करणे तर्काला धरून नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पुढील वर्षी हा प्रयोग नौदलाच्या पहारा असलेल्या धक्क्याजवळ हलविण्यात आला. तेथे चोरीचा प्रश्न उरला नाही.

दुसरा धोका परक्या जीवांचा होय. एका जलाशयातील बीज दुसऱ्यात नेताना त्याबरोबर रोग व उपद्रवी जाती जाऊ शकतात. मूळची अमेरिकेतील मायटेला स्ट्रायगाटा ही शिंपल्याची जाती २०१८ च्या सुमारास केरळच्या कायलांत (पश्चजलांत) पसरल्याचे आढळले व तिने अष्टमुडी सरोवरातील कालवांच्या व इतर शिंपल्यांच्या जागा व्यापल्या. म्हणून बीज शक्यतो त्याच खाडीतील किंवा तपासलेले असावे, असा दंडक पाळतात.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. कालव हा मैलाशुद्धीकरण केंद्राला पर्याय नाही. जेथे प्राणवायूच उरलेला नाही अशा काळ्या पाण्यात तो स्वतःच जगत नाही. चेसापीक व न्यूयॉर्क येथे कालवे पुन्हा जगू लागली, कारण त्याआधी १९७२ च्या जलशुद्धी कायद्यानंतर अब्जावधी डॉलर खर्चून सांडपाण्यावर प्रक्रिया होऊ लागली होती. प्रदूषण उगमापाशी रोखल्यावर उरलेले काम कालवे करतात. आधीचे काम त्यांच्यावर सोपविता येत नाही.

भारतातील संवर्धन : भारतात शास्त्रीय कालव-संवर्धनाचा पहिला प्रयत्न जेम्स हॉर्नेल यांनी १९१० च्या सुमारास मद्रास इलाख्यातील पुलिकत सरोवरात केला, त्यापूर्वी त्यांनी फ्रान्समधील आर्काशाँ येथील पद्धतीचा अभ्यास केला होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर केळवे येथील खाडीत क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस या जातीची वाढ, बीज बसण्याचा हंगाम व रासायनिक घटक यांचा अभ्यास १९६० च्या सुमारास मुंबईतील प्राणिशास्त्रज्ञांनी केला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० नंतर तुतिकोरिन येथे मांडवावर व तरंडावर कालवे वाढविण्याची तंत्रे विकसित केली आणि पुढे नियंत्रित परिस्थितीत बीजोत्पादनही साध्य केले. १९९० नंतरच्या दशकात हे तंत्र केरळातील अष्टमुडी सरोवराच्या काठच्या कुटुंबांनी व महिला गटांनी उचलले.

येथे प्रचलित असलेली ‘रेन’ पद्धत सोपी आहे. रिकाम्या शिंपल्यांना भोके पाडून ते नायलॉनच्या दोरीत ठरावीक अंतरावर ओवतात व या माळा बांबूच्या मांडवाला पाण्यात टांगतात. पावसाळ्यानंतर लवणता वाढली की निसर्गतः तरंगणारे डिंभ त्यांवर बसतात. सात-आठ महिन्यांत, पुढील पावसाळ्याचे गोडे पाणी येण्यापूर्वी, कालवे काढतात. खाद्य विकत द्यावे लागत नाही. ते पाण्यातूनच मिळते. काढलेली कालवे स्वच्छ, गाळलेल्या व निर्जंतुक केलेल्या समुद्राच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवून शुद्ध करतात. या क्रियेने सूक्ष्मजंतू पुष्कळ प्रमाणात निघून जातात. जड धातू मात्र जात नाहीत व व्हायरसही पूर्णपणे जातीलच असे नाही.

महाराष्ट्र : कोकणात कालवे काढणे हे पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः स्त्रियांचे काम आहे. उधाणाच्या ओहोटीला खडपे उघडी पडली की लोखंडी टोकदार हत्याराने वरचे पुट उचकटून आतील मांस काढून घेतात. खालचे पुट खडकालाच राहते. या साध्या रीतीत एक शहाणपण आहे. राहिलेल्या पुटावर पुढील हंगामाचे बीज बसू शकते. याउलट, चुन्याच्या भट्ट्यांसाठी खाड्यांतील शिंपले तळापासून उपसून नेण्याने ही जागा नष्ट होते. रत्नागिरी येथील सागरी जीववैज्ञानिक संशोधन केंद्राने (स्थापना १९५८) कोकणातील मत्स्य व शिंपलेवर्गीय प्राण्यांवर संशोधन केले आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील जैव विविधतेच्या संरक्षणासाठी २०१० नंतरच्या दशकात केंद्र व राज्य शासन आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी एक प्रकल्प राबविला. त्याच्या अंतर्गत देवगड तालुक्यातील वाडातर येथील महिला स्वयंसाहाय्य गटांनी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली खाडीत कालव-संवर्धन केले. राज्याच्या वन विभागात २०१२ मध्ये कांदळवन कक्ष व त्यानंतर कांदळवन प्रतिष्ठान स्थापन झाले. २०१७ मध्ये राज्य शासनाने कांदळवनांचे संरक्षण व त्यांवर आधारलेली उपजीविका यांसाठी योजना सुरू केली. तीत खेकडापालन, शोभिवंत मत्स्यपालन, मधुमक्षिकापालन व निसर्ग पर्यटन यांबरोबर कालव-संवर्धनाचाही समावेश आहे.

मेरिलंडच्या रहिवाशाने पिंजरा टांगला तो पाण्यासाठी. वाडातरच्या स्त्रियांनी माळा टांगल्या त्या उत्पन्नासाठी. तरीही कोकणातील प्रयत्न प्रस्तुत विषयाच्या बाहेरचा मानणे योग्य होणार नाही. कालवाच्या पिकावर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांना खाडीचे पाणी स्वच्छ राहण्यात प्रत्यक्ष हितसंबंध निर्माण होतो. कांदळवन तुटले तर किनाऱ्याची माती मोकळी होऊन गाळ वाढतो व पिल्ले गुदमरतात, वरच्या अंगाला सांडपाणी सुटले तर माल विकता येत नाही, हे त्यांना अनुभवाने कळते. अमेरिकेतील स्वयंसेवकाला पाण्याविषयीच्या आस्थेतून कालवाची ओळख झाली; कोकणात कालवाच्या ओळखीतून पाण्याविषयीची आस्था निर्माण होऊ शकते. मात्र त्यासाठी संवर्धनाच्या जागेतील पाण्याची नियमित तपासणी व्हावयास हवी आणि तिचे निष्कर्ष गावातील गटांना त्यांच्या भाषेत समजावयास हवेत. मुंबई व ठाणे परिसरातील ज्या खाड्यांत नागरी व औद्योगिक उत्सर्ग मिसळतात, तेथे खाद्य म्हणून कालवे वाढविणे धोक्याचे आहे. तेथे केवळ पुनःस्थापनेसाठी ती वाढवावयाची झाल्यास ती काढली व विकली जाणार नाहीत याची व्यवस्था आधी करावी लागेल.

गोड्या पाण्यातील समांतर कार्य : समुद्रापासून दूर असलेल्या पुण्यासारख्या शहरातील नद्यांत कालवे जगू शकत नाहीत. तेथे हेच गाळणकार्य गोड्या पाण्यातील शिंपले करतात. मुळा-मुठेच्या खोऱ्यात लॅमेलिडेन्स व पॅरेसिया या वंशांतील शिंपले आढळतात. त्यांच्या जीवनक्रमात एक विशेष आहे. त्यांचे डिंभ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ परजीवी म्हणून राहतात व नंतर तळाशी पडून वाढतात. त्यामुळे नदीतून मासे गेले की शिंपल्यांची नवी पिढी निर्माण होणे थांबते. जुने शिंपले काही वर्षे तग धरतात व मग तेही संपतात. या शिंपल्यांना बांधून टाकणारा पृष्ठभाग लागत नाही, पण न ढवळलेला तळ व वाहते पाणी लागते. कृष्णेच्याच विस्तृत खोऱ्यात, कर्नाटकातील सह्याद्रीलगतच्या नद्यांत, कालवाप्रमाणे खडकाला चिकटून राहणारा स्यूडोम्युलेरिया डॅलिआय हा गोड्या पाण्यातील दुर्मिळ शिंपला आढळतो व तो संकटग्रस्त मानला जातो.

मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनी जलाशयात जाते. पुण्याच्या सांडपाण्याचा प्रश्न त्यामुळे केवळ पुण्याचा राहत नाही. उजनीवर अवलंबून असलेल्या सोलापूर जिल्ह्याचाही तो प्रश्न आहे. २०१६ मध्ये जपानच्या आर्थिक साहाय्याने नदीच्या प्रदूषण-निवारणाचा प्रकल्प मंजूर झाला व त्यात अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रांची तरतूद करण्यात आली. शासकीय प्रयत्नांच्या जोडीला नागरिकांचेही काम चालू झाले. ‘जीवितनदी’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी मुठेकाठी विठ्ठलवाडी आणि औंध येथील राम-मुळा संगम या ठिकाणी नदीकाठाचे तुकडे ‘दत्तक’ घेतले. तेथे नियमित स्वच्छता, नदीकाठच्या फेऱ्या, जीवांच्या नोंदी तसेच घरगुती वापरातील विषारी रसायने कमी करण्याचा प्रचार असे उपक्रम त्यांनी केले. यात शिंपल्यांचे बीज सोडणे अंतर्भूत नाही. परंतु एक ठरावीक जागा पुन्हापुन्हा पाहणे व तिची जबाबदारी घेणे हे सूत्र धक्क्यावरील पिंजऱ्याचेच आहे.

मूल्यमापन : लोकसहभागी कालव-संवर्धनाचे यश किती कालवे सोडली यावर मोजण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. सोडलेल्या पिल्लांपैकी तीन वर्षांनी किती जगली, त्यांच्यावर नवे बीज आपणहून बसले काय आणि थराची उंची वाढली काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. नवे बीज बसू लागले म्हणजेच भित्ती पुन्हा स्वयंपूर्ण झाली असे म्हणता येते. तोपर्यंत ती माणसाच्या आधारावर उभी असते. गोड्या पाण्याच्या बाबतीत हीच कसोटी लहान शिंपल्यांना लावतात. नदीच्या तळात केवळ मोठे, म्हातारे शिंपले सापडले तर ती नदी आपल्या भूतकाळावर जगत आहे असे समजावे. बोटाच्या पेराएवढी पिल्ले सापडली तर पाणी, मासे व तळ हे तिन्ही सुधारत आहेत, असा निष्कर्ष काढता येतो. ही पाहणी करण्यास मोठी उपकरणे लागत नाहीत. ओहोटीच्या वेळा किंवा उन्हाळ्यातील उथळ पाणी, नोंदवही आणि त्याच जागी दरवर्षी परत येणारी माणसे एवढ्यावर ती होऊ शकते.